एका टोकनला एक प्रश्न

आमच्या ऑफिसच्या दारात टोकनचं एक यंत्र आहे. बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची, नंबर लागला की काउंटरवर यायचं. बँकेत असतं तसलंच, त्यात काही नवल नाही. पण त्या यंत्राच्या वर एक कागद चिकटवलेला आहे, इंग्रजीत आणि अरबीत: एका टोकनला एक प्रश्न. तो कागद विद्यापीठानं लावलेला नाही, चौबळ मॅडमनी लावलाय. त्या दुबई सोडून ठाण्याला गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. कागदाच्या कडा वळल्या, टेप पिवळी पडली, पण तो काढायची अजून कुणाची छाती झालेली नाही. माझी तर नाहीच.

मी वैदेही, नाशिकची. राहते सिलिकॉन ओएसिसमध्ये, आणि तिथून दहा मिनिटांवरच्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या सल्ला विभागात नोकरी करते. सल्ला विभाग म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही मुलांना आयुष्याबद्दल काहीतरी सांगतो. कुठलं आलंय! कुठला विषय आधी घ्यायचा, कुठला फॉर्म कधी भरायचा, एवढंच आमचं ज्ञान. सगळ्यांत मोठी गर्दी असते ती ‘अनडिक्लेअर्ड’ मुलांची. म्हणजे विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण शाखा मिळाली नाही. लग्नाच्या कार्यालयात आत घेतलं, पंगतीत पान मात्र अजून मांडलेलं नाही. या मुलांनी पहिलं वर्षभर ठरावीक विषय घ्यायचे, चांगले ग्रेड आणायचे आणि मग हव्या त्या शाखेत बदलीसाठी अर्ज करायचा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला तर नुसती झुंबड. जागा मोजक्या, आणि कटऑफच्या खाली एक दशांश जरी असलात तरी खलास.

या बदलीच्या अर्जांची पहिली छाननी चौबळ मॅडम करायच्या. बारीक अंगकाठी, बारा महिने कॉटनची साडी आणि वर एसीसाठी काळं स्वेटर. टेबलावर एक लाकडी फूटपट्टी. फॉर्म वाचताना प्रत्येक ओळीखाली ती पट्टी धरायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची. संगणकावर सगळं दिसत असताना त्या प्रिंट काढून वाचायच्या. आमची विभागप्रमुख रीम, जॉर्डनची, मनानं मोठी बाई, ती लाडानं चिडवायची, “हबीबती, कॉम्प्युटर चावत नाही.” मॅडम पट्टीवरची नजर न काढता म्हणायच्या, “चावत नाही, पण चुका लपवतो.”

मला नोकरी लागली तेव्हा मी उत्साहानं नुसती उतू जात होते. पहिल्या आठवड्यात एक मुलगा आला. त्यानं विचारलं, विषय सोडायचा फॉर्म कुठं मिळतो. मी फॉर्म दिला, वर तो विषय का सोडू नये ते सांगितलं, कुठला प्राध्यापक बरा तेही सांगितलं, आणि वसतिगृहातल्या जेवणाची चौकशी केली. तो बिचारा मान हलवत गेला. शेजारच्या काउंटरवरून मॅडम म्हणाल्या, “त्यानं काय विचारलं होतं?”

“फॉर्म कुठं मिळतो.”

“मग तेवढंच सांगायचं. जेवढं विचारलं तेवढं, पण ते शंभर टक्के बरोबर. मागितल्याशिवाय मीठ वाढू नये कुणाला.”

मी कसली गप्प बसतेय! म्हटलं, “आमच्या नाशिकला पानात पहिलं मीठच वाढतात, मॅडम. न विचारता.”

“म्हणून तुमच्या नाशिकला सगळ्यांना बीपी,” त्या म्हणाल्या आणि पुढचा नंबर लावला.

मिठाचा तो संबंध मला नंतर कळला. बाराच्या पुढं चाळीस मिनिटं झाली की मॅडम डबा उघडायच्या. मिनिटाचा फरक नाही. डब्यात बहुतेक वेळा सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी. ती मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की सगळा मजला दरवळायचा, आणि एकदा कुणीतरी तक्रार केली. तर या बाईंनी खिचडी सोडली नाही, गरम करणं सोडलं. पुढं कायम थंडच खाल्ली. आणि ती खिचडी अळणी असायची. यजमानांचं ब्लडप्रेशर वाढलेलं, म्हणून घरात सगळा स्वयंपाक अळणी. डब्यात एक इवलीशी डबी, तिच्यात मीठ. ज्याला हवं त्यानं आपलं आपण घ्यावं. यजमान गेल्यावरही त्यांनी तसाच स्वयंपाक केला आणि मिठाची डबी तशीच आणली. एकटीसाठी करताना मीठ आधीच घालायला काय हरकत होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

माझी इथली पहिली संक्रांत. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकतिसाव्या मजल्यावर एका मैत्रिणीनं तिळगुळाला बोलावलं होतं. मॅडमही आल्या होत्या, तेव्हा चौबळ काका होते. मॅडम विद्यापीठात आहेत हे कळल्यावर बायकांनी त्यांना असा गराडा घातला की विचारू नका. एकीचा मुलगा अकरावीत. “अहो, त्याला कॉम्प्युटरच घ्यायचंय, पण मार्क जरा... तर आधी अनडिक्लेअर्ड घेऊन मागच्या दारानं जाता येतं म्हणे? फी साठ हजार दिरहॅम ना, म्हणजे अकरा लाख की हो वर्षाला! काय करावं हो?” मॅडमनी हातातला तिळगूळ शांतपणे खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “सोमवारी आठ वाजता ऑफिसला या. टोकन घ्या.” त्या बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. परत येताना लिफ्टमध्ये मी हसत होते. काका म्हणाले, “हसू नकोस, घरीही हेच. भाजी काय करू असं मी विचारलं तरच सांगते.” आणि मॅडमही हसल्या. त्यांना मोकळं हसताना मी पाहिलं ते त्या लिफ्टमध्ये.

आता एवढा कडकपणा कशापायी, हे मी एकदा सरळ विचारलं. विचारलं म्हणूनच त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी यायची, कॉमर्सची. फॉर्मच्या कडेला पेननं घरं काढायची. जिने, गच्च्या, खिडक्या. मॅडमनी तिला न विचारता सांगितलं, अगं, तू आर्किटेक्चरला का जात नाहीस? पोरगी गेली. बदली मिळाली, वर्षभर आनंदात होती. वडिलांना तिनं सांगितलंच नव्हतं. फी वाढल्यावर त्यांना कळलं आणि त्यांनी तिला काढून गावी नेलं. जायच्या आधी तो माणूस काउंटरवर आला. ओरडला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, “आपसे किसी ने पूछा था क्या, मॅडम?”

“त्याचं बरोबर होतं,” मॅडम मला म्हणाल्या. “मला कुणी विचारलं नव्हतं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद छापला आणि यंत्रावर चिकटवला.

त्यांना एकच मुलगा, निनाद. उशिरा झालेला. जन्म इथलाच, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. उंच, लाजाळू, वडिलांचा लाडका. तो बारावीत असताना काका गेले, ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या. पोराचा गणिताचा पेपर त्यानंतर तीन आठवड्यांनी होता. जे व्हायचं ते झालं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला थेट प्रवेश मिळाला नाही, अनडिक्लेअर्ड म्हणून आमच्याच विद्यापीठात आला. मंडळाच्या गणपतीत लोक विचारायचे, “निनादला काय मिळालं?” दुसरी एखादी आई असती तर ‘इंजिनिअरिंगच’ म्हणून मोकळी झाली असती, सगळे तसंच म्हणतात. मॅडम स्पष्ट सांगायच्या, “अनडिक्लेअर्ड. वर्षानंतर बघायचं.” समोरचा ‘अरेरे’ म्हणायचा आणि प्रसादाकडं वळायचा.

मायलेकांचा एक करार होता. तो निनादनं ठरवला आणि मॅडमनी तो शब्दशः पाळला. “आई, नो ऑफिस ॲट होम. अँड नो होम ॲट ऑफिस.” कॅम्पसवर तो त्यांना ‘मॅम’ म्हणायचा. समोरून आला तर इतर मुलांसारखी मान हलवायचा. मॅडमही तशीच मान हलवायच्या. मला ते बघवत नसे. मी एकदा म्हटलं, “अहो, एकदा विचारा तरी त्याला, कसं चाललंय.” त्या म्हणाल्या, “त्याला गरज पडली तर तो विचारेल. तेवढा माझा मुलगा आहे.”

निनादनं वर्षभर जीव तोडून अभ्यास केला. सगळे ग्रेड उत्तम, फक्त दुसऱ्या सत्राच्या गणितात सी आला. सी म्हणजे काठावर. त्या एका सीमुळं सरासरी कटऑफच्या खाली जात होती. मग मे महिन्यात एके दिवशी तो टोकन घेऊन आला, माझ्या काउंटरवर. मॅडमची तेव्हा वरच्या मजल्यावर मीटिंग होती. ती वेळ बघूनच आला असावा. हातात फॉर्म. शारजाच्या एका कॉलेजात उन्हाळ्यात सहा आठवड्यांत तेच गणित पुन्हा करायचं होतं त्याला. इथं का नको, ते मला कळत होतं. इथं उन्हाळाभर रोज आईसमोर यावं लागलं असतं.

त्यानं विचारलं, “विल द क्रेडिट्स ट्रान्सफर?”

मी म्हटलं, “येस. दे विल.”

हे शंभर टक्के बरोबर होतं. बाहेरच्या कॉलेजात केलेल्या विषयाचं क्रेडिट आमच्याकडे मिळतं. पण ग्रेड येत नाही. बाहेर ए मिळवला तरी इथला सी तसाच राहतो. तोच विषय त्यानं आमच्याकडे पुन्हा केला असता तर नवा ग्रेड जुन्याच्या जागी बसला असता. हे मला माहीत होतं. त्याचा सी मला पडद्यावर दिसत होता, आणि तो कशासाठी धडपडतोय हेही उघड होतं. खोटं कशाला बोलू? माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यानं विचारलं होतं ते क्रेडिटचं. आणि मनात म्हटलं, याची आईच या नियमांची राणी आहे, तिनं सांगितलंच असेल की. मी सही केली, शिक्का मारला. जाता जाता तो अजून एक वाक्य बोलला. ते वाक्य मी पुढं साडेपाच वर्षं पोटात ठेवलं.

त्यानं ए मिळवला. सप्टेंबरात बदलीचे अर्ज आले आणि नेहमीप्रमाणे गठ्ठा मॅडमच्या टेबलावर गेला. मी बघत होते. एकेक फाइल, एकेक ओळ, पट्टी खाली. मग पट्टी थांबली. बराच वेळ एका ओळीवर थांबली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, बेरीज पुन्हा केली. मग उठून पाणी प्यायला गेल्या. बारा चाळीसला डबा उघडला नाही, तेव्हा मी समजले.

रीमला कळलं तशी ती धावत आली. “हबीबती, ही फाइल तू बघू नकोस. वैदेहीला दे.”

“कुणालाही दे,” मॅडम म्हणाल्या. “बेरीज तीच येणार.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्यावर ‘पात्र नाही’ असा शेरा लिहिला.

नियम असा की नकार मिळालेल्या मुलाला बोलावून समोरासमोर सांगायचं. रीम म्हणाली, मी सांगते. मॅडम नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निनाद आला, टोकन घेतलं, इतर मुलांत बसला. नंबर लागला तो आईच्याच काउंटरचा. मी शेजारी होते. माझ्यासमोरचा विद्यार्थी काय विचारत होता देव जाणे, माझे कान तिकडं.

मॅडम इंग्रजीत बोलल्या. सगळ्यांशी बोलतात तेच शब्द. बाहेरच्या संस्थेतला ग्रेड सरासरीत धरला जात नाही, त्यामुळं तुमची सरासरी कटऑफपेक्षा कमी आहे, आम्हाला खेद आहे. दुसऱ्या शाखांची यादी पुढं सरकवली. निनाद त्या यादीकडं बघत राहिला. त्याला आधी समजलंच नसावं. मग त्यानं विचारलं, अगदी हळू, “व्हाय डिडन्ट यू टेल मी?”

मॅडमचा हात पट्टीवर होता. त्या म्हणाल्या, “यू डिडन्ट आस्क.”

आणि मग निनाद मराठीत बोलला. मी त्याला मराठी बोलताना त्या एकाच वेळी ऐकलं. “आई,” तो म्हणाला. फक्त एवढंच. खुर्ची मागं सरकवली आणि गेला. मॅडमनी पुढचा नंबर लावला. त्या दिवशी त्यांनी एकूण एक टोकनं संपवली. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. माझाही आला होता, पण त्यांच्यावर चिडणं सोपं होतं.

निनाद पुण्याला मावशीकडं गेला. वर्ष वाया गेलं, मग तिथल्या एका खासगी कॉलेजात पहिल्या वर्षापासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू केलं. झाला इंजिनिअर, का नाही होणार? हुशारच होता. नोकरी बेंगळुरूला लागली. पण तो परत दुबईला आला नाही, सुट्टीतसुद्धा नाही. दर रविवारी आईला फोन करायचा. दहा मिनिटं. तब्येत, हवा, जेवण. मॅडमना फोनवर विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देता यायची, आणि तो फारसं काही विचारत नसे.

मॅडम डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायच्या. कॅम्पसपासून आधी बस, मग मेट्रो. जाऊन-येऊन तीन तास. मी म्हणायचे, आमच्याकडं सिलिकॉनला घर बघा, दहा मिनिटांत पोचाल. त्या म्हणायच्या, “लवकर पोचून करू काय?” कोविडच्या महिन्यांत ऑफिस बंद होतं, तेव्हा त्या घरून काम करायच्या आणि मुलांना ईमेलमधून नंबर द्यायच्या. आज तुमचा नंबर सतरा, साडेदहाला फोन येईल. रीम हसून हसून दमली. मला हसू येईना. त्या सगळ्या महिन्यांत त्यांच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता तो फक्त या सतरा नंबर, अठरा नंबरवाल्यांचा.

एका दिवाळीला मी फराळ घेऊन त्यांच्याकडं गेले. घर स्वच्छ, इतकं की राहतं वाटू नये. टेबलावर मिठाची डबी. त्या चहा टाकत होत्या आणि मी हात धुवायला आत गेले, तर निनादच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीवर पांढरा फळा. त्यावर त्याच्या अक्षरात पहिल्या वर्षाचे सगळे विषय, पुढं ग्रेड. गणितापुढचा सी खोडून ए केलेला. खाली बेरीज, सरासरी आणि तिच्याभोवती दोन वेळा काढलेलं गोल. कटऑफच्या बऱ्याच वर होती ती सरासरी. सगळं हिशेबशीर, आणि सगळं चूक.

मागं मॅडम उभ्या होत्या. मी विचारलं, “हे तेव्हापासून इथं होतं?”

“मे महिन्यापासून असणार. मी बघितलं तो गेल्यावर. त्याच्या खोलीत मी टकटक केल्याशिवाय जात नसे,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आणि टकटक करायला काही कारण नव्हतं.”

चहा गार होईतो आम्ही दोघी त्या फळ्याकडं बघत उभ्या होतो. इतकं एकाकी घर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन मी माझ्या मुलीच्या खोलीत टकटक न करता शिरले. ती ओरडली, “मम्मा, प्रायव्हसी!” म्हटलं, ओरड हवी तेवढी.

मग मॅडमना साठ पूर्ण झाली. नोकरीचा करार वाढला नाही, त्यांनी मागितलाही नाही. ठाण्याचा फ्लॅट रंगवून घेतला, सामान पाठवून दिलं. शेवटचा दिवस गुरुवार होता. रीमनं केक आणला, आपल्या हातानं भरवला आणि रडली. मॅडमनी केक खाल्ला, सगळ्यांचे आभार मानले, ओळखपत्र परत केलं. फूटपट्टी माझ्या टेबलावर ठेवली. दुपारी साडेतीनला सगळे आपापल्या कामाला लागले. मी नंबर लावला आणि मान वर केली, तर समोर चौबळ मॅडम. हातात टोकनची चिठ्ठी.

“अहो मॅडम, काय हे! आत या ना.”

“नंबर लागलाय माझा,” त्या म्हणाल्या आणि विद्यार्थ्यांच्या खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची जरा खाली असते. त्या मला एकदम लहान दिसल्या. “निनादच्या त्या उन्हाळ्याच्या फॉर्मवर तुझी सही होती.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“सप्टेंबरात फाइल मीच तपासली ना? त्याआधी तो फॉर्म मी पाहिलाच नव्हता.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? मी शिकवलं तेच तू केलंस. त्यानं विचारलं तेवढं सांगितलंस, बरोबर सांगितलंस.” त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली, सरळ केली. “माझा एक प्रश्न आहे. त्या दिवशी तो अजून काही बोलला होता का?”

नाही म्हणता आलं असतं. बाई विमानात बसणार, ठाण्याला जाणार, कशाला आता? पण समोर टोकन होतं. या बाईनं आयुष्यभर प्रत्येक टोकनला खरं उत्तर दिलं होतं.

“बोलला होता,” मी म्हटलं. “जाताना विचारलं, ‘विल मॉम सी दिस फॉर्म?’ मी म्हटलं, हो, शेवटी सगळं त्यांच्याकडंच जातं. तर म्हणाला, ‘गुड. इफ समथिंग इज राँग, शी विल टेल मी.’”

मॅडमनी चिठ्ठी पुन्हा सरळ केली. मग म्हणाल्या, “कसा म्हणाला? चिडून?” आणि लगेच हात वर केला. “राहू दे. दुसरा प्रश्न झाला.”

“हसून म्हणाला, मॅडम. अगदी निर्धास्त होता,” मी म्हटलं. “मी तेव्हा सांगायला हवं होतं. त्यालाही आणि तुम्हालाही. चुकलं माझं.”

त्यांनी माझा हात थोपटला. काउंटरच्या पलीकडून, पहिल्यांदाच. “तुमच्या नाशिकला पानात पहिलं मीठ वाढतात म्हणाली होतीस,” त्या म्हणाल्या. “आमच्या ठाण्यालाही तेच वाढतात गं. माझी आई वाढायची. कुणी मागत नव्हतं.”

त्या उठल्या. मी विचारलं, “निनाद येतोय ना मुंबईला, विमानतळावर?”

“मी विचारलं नाही त्याला.”

आणि माझा तोल गेला. “मग विचारा ना! एकदा तरी विचारा, मॅडम! तो वाट बघत बसलाय तुमची आणि तुम्ही त्याची, काय चाललंय काय हे!” खुर्च्यांवरची सगळी मुलं बघायला लागली. रीम केबिनच्या दारात आली. मॅडमनी पदर सारखा केला, मला मान हलवली, कॅम्पसवर निनादला हलवायच्या तशी, आणि बाहेर पडल्या.

आमच्या काचेतून बसचा थांबा दिसतो. चार दहाची बस मॅडमची. एकोणीस वर्षांत ती कधी चुकलेली मला तरी माहीत नाही. त्या मुलांच्या रांगेत उभ्या राहिल्या, खांद्यावर पर्स, हातात डब्याची पिशवी. रांगेतल्या कुणालाच त्या कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी पर्समधून फोन काढला. परत ठेवला. पुन्हा काढला. त्या दिवशी रविवार नव्हता.

बस आली. दार उघडलं, मुलं चढली. चालकानं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. बस गेली. मॅडम उन्हात तशाच उभ्या होत्या, फोन कानाला घट्ट धरून. बोलत होत्या. थांबत होत्या, ऐकत होत्या, आणि पुन्हा बोलत होत्या. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली.

आत एका मुलानं विचारलं, “मॅम, इज इट माय टर्न?”

“थांब जरा,” मी मराठीतच म्हटलं, आणि नंबर पुढं लावला नाही.